परमुलखातील विद्यार्थी आणि काटकसरीचे शास्त्र

कोकणच्या माणसास परदेश नवा नाही. मालवणच्या बंदरातून गलबते जात-येत होती त्या काळी मुंबई हाच त्याचा परदेश होता, आणि घाट चढून पुणे गाठणे हेच त्याचे देशांतर होते. याच मालवणात १८३७ साली जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीचे शिक्षण आटोपून मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत त्यांची गणना झाली. आता मुंबई जवळ आली आणि परदेश खरोखरीचा परदेश झाला. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या गावांतील मुलेमुली लंडन, म्युनिक, मेलबर्न, टोरांटो येथे उच्च विद्येसाठी जाऊ लागली आहेत. ज्या घरातून पूर्वी मुंबईस मनीऑर्डरीची वाट पाहिली जाई, त्याच घरातून आता परदेशी पैसे पाठविण्याची तजवीज करावी लागते.

अशा घरांतील वडीलधारी मंडळी आम्हांस वारंवार विचारतात, "मास्तर, तिकडे कमीत कमी किती पैशांत भागेल?" या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते, व ते पुढे दिलेही आहे. परंतु आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. किती कमी, हे विचारण्यापूर्वी कशात कमी, हे विचारावयास हवे. पाठशाळेत आम्हांस विद्यार्थ्याची पाच लक्षणे शिकविली होती. त्यांत अल्पाहार आहे व गृहत्यागही आहे. पण अल्पाहार म्हणजे उपासमार नव्हे, आणि गृहत्याग म्हणजे एकाकीपणा नव्हे. महागड्या शहरात थोडक्यात राहणे ही व्यवस्थेची विद्या आहे, आणि ती व्यवस्था एकट्यादुकट्याने साधत नाही, हेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

मागील पिढ्यांची तजवीज

आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील गरीब विद्यार्थी पुण्यास कसा राहिला, हे घरोघरी ऐकिवात असेलच. कोणी वार लावून जेवत असे. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे सात वारांची सात घरे ठरलेली असत. कोणी माधुकरी मागत असे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी संस्कृत विद्येच्या ओढीने १८९९ साली घर सोडून निघाले, ते पुणे करून काशीस पोचले, आणि तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी अध्ययन केले. पुढे तेच गृहस्थ अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी निमंत्रिले गेले. जेवणाची चिंता समाजाने उचलली म्हणून चित्त ग्रंथात राहिले, हे त्यातील मर्म होय.

या व्यवस्थेचे गुण सांगताना तिचा दोष झाकणे योग्य होणार नाही. ती दारे बहुधा एकाच वर्णाच्या मुलांपुरती उघडी होती. इतरांस ना वार, ना माधुकरी, ना अन्नछत्रातील पंगत. ही उणीव ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली, आणि पुण्यात १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन होऊन खेड्यातील गरजू मुलांस माफक खर्चात राहण्या-जेवण्याची सोय झाली.

आमच्या कोकणच्या चाकरमान्याने तर आपली सोय आपणच लावून घेतली. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून गावकरी मंडळांच्या खोल्या असत. एका खोलीत वीस वीस माणसे, प्रत्येकाची एक पेटी, निजणे पाळीपाळीने, जेवण खानावळीत, आणि महिन्याची ठराविक वर्गणी. नवखा मनुष्य मुंबईस उतरला की त्याने प्रथम गावची खोली गाठावयाची. तेथे आजाऱ्याची विचारपूस होई, कामाची वार्ता कळे, आणि उधळ्या मनुष्यास चार शब्द सुनावणारे कोणी वडीलधारेही असे. खोली दाटीची होती, अस्वच्छही असेल. पण त्या शहरात आपण कोणाचेच कोणी नाही, अशी भावना तेथे राहणाऱ्यास होत नसे.

दोन चरित्रांतील धडा

परदेशातील काटकसरीचे उत्तम उदाहरण म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घ्यावे लागते. १९१३ साली ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस १९१७ साली परत यावे लागले. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या वेतनातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन व नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. न्याहारीस पावाचा तुकडा व चहा, मग ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन, आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचन, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी वर्णिला आहे. १९२१ साली एम्. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या, बॅरिस्टरीही केली. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते राहिले होते, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे.

या चरित्रापासून काय घ्यावयाचे? त्यांनी पोशाखावर, करमणुकीवर व फिरण्यावर खर्च केला नाही. पण ग्रंथांवर हात आखडला नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी मोठा संग्रह जमविला होता. आणि मुक्कामाचा प्रत्येक महिना कशासाठी आहे हे त्यांस ठाऊक होते. मात्र त्यांचे अर्धपोटी राहणे हा अनुकरणाचा भाग नव्हे. तो निरुपाय होता. जवळ असते तर ते जेवले असते. निरुपायास आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवणे हे वडिलांस शोभत नाही.

दुसरे चरित्र डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. आहार शाकाहारी, पोशाख लुगड्याचा, आणि हवा हाडे गोठविणारी. त्यांच्या खोलीतील शेगडी पेटविली की धूर कोंडे, आणि न पेटवावी तर थंडी सोसेना, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम्. डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयास बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती, त्यामुळे सारा दोष त्या खोलीवर टाकणे बरोबर नाही. तथापि ऊब, अन्न व औषध ही तीन खाती काटकसरीस मोकळी नाहीत, हे या चरित्रावरून प्रत्येक मातापित्याने मनात बिंबवून ठेवावे.

आकडे काय सांगतात?

आता प्रत्यक्ष रकमांकडे वळू. ब्रिटिश सरकार विद्यार्थ्यास व्हिसा देण्यापूर्वी फीशिवाय राहणीसाठी पुरेसा पैसा जवळ असल्याचा पुरावा मागते. २०२५ च्या नोव्हेंबरपासून ही रक्कम लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड व लंडनबाहेर दरमहा १,१७१ पौंड अशी धरली आहे, आणि ती जास्तीत जास्त नऊ महिन्यांची दाखवावी लागते. तीही सलग २८ दिवस खात्यावर असली पाहिजे. नऊ महिन्यांचे लंडनचे १३,७६१ पौंड होतात. पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर गेलेला असल्याने हा आकडा पावणेचौदा लाखांच्या पलीकडे जातो, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. लंडन व लंडनबाहेरचे शहर यांतील अंतर नऊ महिन्यांत ३,२२२ पौंडांचे पडते. म्हणजे मोठ्यात मोठी काटकसर घर सोडण्यापूर्वीच, शहर निवडताना करता येते. तोच विषय तितक्याच चांगल्या रीतीने लीड्स, शेफील्ड अथवा ग्लासगो येथे शिकविला जात असेल, तर केवळ लंडनचे नाव पत्रिकेवर असावे म्हणून एवढा भार उचलणे शहाणपणाचे नव्हे.

जर्मनीची पद्धत निराळी आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. अपवाद मात्र पाहून ठेवावेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सहामाहीस १,५०० युरो घेतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांस फी सुरू केली आहे. राहणीसाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात भरावे लागतात, आणि त्यांतून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. आमच्या मते ही योजना विद्यार्थ्यास उत्तम शिस्त लावणारी आहे. पण म्युनिक हे भाड्याच्या दृष्टीने त्या देशातील सर्वांत महाग शहर. तेथे विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीसाठी कित्येक सत्रे रांगेत थांबावे लागते. प्रवेशपत्र हाती येईल त्याच दिवशी खोलीसाठी अर्ज करावा.

बिऱ्हाड, अन्न आणि फिरणे

खर्चाचे सर्वांत मोठे खाते बिऱ्हाडाचे. घर न पाहता, केवळ छायाचित्रावर विसंबून, कोणासही आगाऊ पैसे पाठवू नयेत. फसवणारे लोक नवख्या परदेशी विद्यार्थ्यांवरच टपलेले असतात. पहिले काही आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात अथवा विश्वासू संस्थेत काढून मग घर शोधावे. लंडनमध्ये फिट्झरॉय स्क्वेअर येथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी वाय्. एम्. सी. ए. चे वसतिगृह आहे. संस्था १९२० ची आणि सध्याची इमारत १९५३ ची. इंग्लंडात सामान्य भाड्याच्या घरास पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही, असा २०१९ चा कायदा आहे. तो ठाऊक असावा. जेथे सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी राहतात, त्या घरास तेथील नगरपालिकेचा घरकर माफ असतो. त्याचा दाखला विद्यापीठातून मागून घ्यावा.

घर शहराबाहेर घेतले की भाडे कमी पडते. पण हिशेब तेवढ्यावर थांबवू नये. भाडे, प्रवासखर्च आणि वेळ या तिहींची बेरीज करावी. समजा, भाड्यात महिना शंभर पौंड वाचले आणि प्रवासाचे नव्वद वाढले, तर रोजचे दोन तास आपण दहा पौंडांस विकले, असा त्याचा अर्थ होतो. लंडनमध्ये अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यास सवलतीचे ओळखपत्र मिळते व त्यावर प्रवासाच्या पासात तीस टक्के सूट असते. बसने फिरल्यास एका तासाच्या आत कितीही बसगाड्या बदलल्या तरी भाडे एकदाच पडते.

अन्नाविषयी आमचे सांगणे असे की, मुलगा असो वा मुलगी, घर सोडण्यापूर्वी त्यास वरणभात, पोळी, दोन उसळी व पिठले एवढे तरी करता आले पाहिजे. चौघांनी मिळून रांधावे व पाळी लावावी. भातवरणाचा कुकर, कुळथाचे पीठ, मेतकूट, पोहे, आमसुले एवढ्या सामग्रीवर कोकणचा मनुष्य कोठेही तग धरू शकतो. आणि तांदूळ-डाळीच्या मोठ्या पिशव्या आपल्याकडील मालाच्या दुकानांत बऱ्याच स्वस्त मिळतात. मातोश्रींनी मात्र तुपाची बरणी व खव्याची मिठाई सामानात घालू नये. भारतातून दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास ब्रिटन व युरोपीय संघ यांची मनाई आहे. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर धुराची घंटा वाजून सारी इमारत रस्त्यावर येते! मोठ्या दुकानांत संध्याकाळी मुदत संपत आलेल्या मालाची किंमत उतरवितात, ती वेळ साधावी. आणि कधी अडचण आलीच, तर साउथॉलच्या गुरुद्वारात लंगर आहे. तेथे जात, धर्म वा देश विचारीत नाहीत. काशीच्या अन्नछत्राहून हे छत्र अधिक उदार आहे. तेथे जेवण्यात कमीपणा नाही. जेवून झाल्यावर वाढावयास उभे राहावे, म्हणजे झाले.

औषधाचे खाते ब्रिटनमध्ये आधीच भरलेले असते. व्हिसाबरोबर विद्यार्थ्यास दर वर्षास ७७६ पौंड आरोग्यशुल्क द्यावे लागते, आणि त्या बदल्यात सरकारी वैद्यकीय सेवा मिळते. म्हणून पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. पैसे दिलेले असूनही संकोचाने दुखणे अंगावर काढणारी मुले आम्हांस ठाऊक आहेत.

कामाचे तास

फावल्या वेळी काम करून खर्च भागविणे यात आम्हांस गैर वाटत नाही. श्रमास लाजण्याचे दिवस गेले. पण त्यास मर्यादा आहे. पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यास ब्रिटनमध्ये सत्र चालू असता आठवड्यास वीस तासांची परवानगी आहे. जर्मनीत वर्षास १४० पूर्ण दिवस अथवा २८० अर्धे दिवस काम करता येते. ही मर्यादा ओलांडल्यास व्हिसा रद्द होण्याची पाळी येते, आणि मग केलेला सारा खर्च पाण्यात जातो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा लंडनला होता. घरी फोनवर तो नेहमी सांगे, "मी मजेत आहे, जेवण उत्तम आहे." वास्तविक तो दिवसातून एकदा जेवत होता, आणि कर्जाच्या व्याजाची धास्ती घेऊन, नेमून दिलेल्या तासांपेक्षा अधिक, रात्री मालाच्या कोठारात काम करीत होता. वर्गात झोप येऊ लागली, दोन विषय राहिले, आणि शेवटी तो तापाने पडला तेव्हा घरच्यांस ही हकीकत त्याच्या खोलीतील सोबत्याकडून कळली. त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले, "आम्ही त्यास काय कमी केले होते?" कमी काहीच केले नव्हते. घरात एवढेच घडले होते की, प्रत्येक फोनवर कर्जाचा विषय निघे आणि प्रकृतीचा विषय निघत नसे.

घरच्या मंडळींचे कर्तव्य

आमच्या जिल्ह्यात या गोष्टीस आणखी एक बाजू आहे. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात. कोकणात जमीन बहुधा सामाईक. सातबाऱ्यावर चुलते, चुलतभाऊ, मुंबईस राहणारे भाऊबंद अशी दहा-बारा नावे. कलमांची बाग तारण ठेवावयाची तर सर्वांच्या सह्या लागतात. म्हणजे एक मुलगा शिकावयास जातो आणि सारे खटले त्यास बांधले जाते. ही गोष्ट भूषणाची आहे, पण तीच त्या मुलाच्या छातीवर धोंडही होऊ शकते. सही देणाऱ्या प्रत्येकाने ती देतानाच मनाशी ठरवावे की, पुढे तिचा उच्चार करावयाचा नाही.

आमच्या सूचना थोडक्यात अशा : शिक्षण चालू असता कर्जावर व्याज साचत राहते, ते भरण्याची जबाबदारी शक्यतो घराने घ्यावी व तसे मुलास स्पष्ट सांगावे. परतीच्या तिकिटाएवढी व एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम निराळी ठेवावी, आणि तिला हात लावण्याची परवानगी संकटापुरती आधीच द्यावी, म्हणजे ती मागण्यात मुलास लाज वाटणार नाही. मुलाने दर महिन्यास भाडे, अन्न, प्रवास, पुस्तके व किरकोळ अशा पाच खात्यांचा जमाखर्च घरी पाठवावा. वडिलांनी तो वाचताना कोणते खाते फुगले एवढेच पाहू नये. अन्नाचे खाते एकाएकी आकसले असेल तर त्याच दिवशी फोन करावा. लग्नसमारंभासाठी मध्येच बोलावणे, नातलगांसाठी तिकडून वस्तू मागविणे, या गोष्टी दोन वर्षे बंद ठेवाव्यात. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण मुलास सांगणाऱ्या घराने ती स्वतःही पाळावी.

शेवटी एक विनंती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून चालू आहे. अन्य शहरांतही मराठी मंडळे आहेत, आणि आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांची मुले त्या त्या शहरी संसार थाटून स्थिर झाली आहेत. ज्या वाचकांची अपत्ये अशी स्थिरस्थावर असतील, त्यांनी आजच त्यांस लिहावे की, शहरात नव्याने आलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास आठवड्यातील एक वार आपल्या घरी जेवावयास बोलावा. त्याचे गाव विचारा, अभ्यास विचारा, प्रकृती विचारा. जात विचारू नका. अशी सात घरे मिळाली तर एका मुलाचा आठवडा निघतो. आणि एकच घर मिळाले, तरी तो मुलगा किती वाळला आहे हे पाहणारे कोणीतरी त्या शहरात आहे, एवढा भरवसा त्याच्या आईस येथे मालवणात मिळतो.